सड्यावरची चित्रे आणि त्यांचे वाचक

आरे आणि वारे या जोड पुळणींच्या मागे जांभ्या दगडाचे जे सपाट, उघडे माळ पसरले आहेत त्यांना कोकणात सडा म्हणतात, आणि रत्नागिरी तालुक्यात उक्षी व जांभरुण येथील अशाच सड्यांवर कातळशिल्पे, म्हणजे जमिनीलगतच्या खडकात कोरलेली आडवी चित्रे, सापडली आहेत. ती पाहणे हे कष्टाचे काम असते; पावसाळ्यात माजलेले गवत वाळल्यावर खाचांत साठलेली माती हलक्या हाताने झाडावी लागते, तिरप्या उन्हात खाचेच्या एका कडेला सावली धरली की रेघ उठून दिसते, आणि त्या रेघेच्या कडेने चालत गेल्यावरच पाय, पोट, सोंड असे करत उक्षीचा हत्ती पाहणाऱ्याच्या मनात जुळून येतो. राजापूर तालुक्यातील कशेळीचा हत्ती तर सुमारे 18 मीटर लांब असून त्याच्या देहरेषेच्या आत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. उंचावरून पाहण्याची सोय नसताना एवढी आकृती प्रमाणात उतरवणाऱ्यांच्या कसबाला तोड नाही.

ऑस्ट्रेलियाच्या मध्य वाळवंटातील आदिवासींची चित्रेही मूळची जमिनीवरची आणि अंगावरची. 1971 मध्ये पापुन्या येथे जेफ्री बार्डन या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने तेथील जाणत्या पुरुषांनी ती फळ्यांवर रंगवली. त्यांत एकात एक वर्तुळे म्हणजे पाणवठा किंवा मुक्काम, आणि इंग्रजी यू अक्षरासारखी खूण म्हणजे बसलेला माणूस, कारण वाळूत बसल्यावर तसाच ठसा उमटतो. विधीतल्या खुणा कायम टिकणाऱ्या फळीवर आल्या, तेव्हा दीक्षा न घेतलेल्यांच्या नजरेपासून त्या झाकण्यासाठीही ठिपक्यांचा उपयोग झाला. कथा कोणी रंगवावी आणि कोणाला सांगावी, हे आजही नातेसंबंधांवर ठरते.

सड्यावर याच्या उलट स्थिती आहे: येथे काहीच झाकलेले नाही, पण सांगणारी परंपरा तुटली आहे. म्हणूनच बारसू येथील, दोन वाघसदृश प्राण्यांमध्ये उभ्या असलेल्या मानवाकृतीला घाईने देव किंवा वीर ठरवण्यापेक्षा सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून केलेली नोंद अधिक मोलाची वाटते. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत 2022 मध्ये या चित्रांचा समावेश झाला. तरीही ज्या जांभ्यात ती कोरली आहेत तोच घरांसाठी चिऱ्यांच्या रूपाने कापला जातो, आणि खाणीचे यंत्र एकदा सड्यावर फिरले की नोंद करण्यासारखी रेघही मागे उरत नाही.