बद्द की खणखणीत?

माठ घेताना आपण टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर बाजूला ठेवायचा. मागच्या महिन्यात भाच्याबरोबर डोंबिवलीत एक जुना ड्रमसेट बघायला गेलो, तेव्हा त्यानेही तेच केलं. फ्लोअर टॉमवर बोटं आपटली. पुठ्ठ्याच्या खोक्यावर मारल्यासारखा आवाज आला. "मामा, हा गेलाय," तो कुजबुजला. मग शेजारच्या क्रॅश झांजेवर काठी मारली, ती झणझणली. "ही मात्र मस्त आहे."

दोन्ही निदानं चुकली होती. जुना ड्रमसेट घेताना बहुतेकांचा घोटाळा होतो तो इथेच. माठाची परीक्षा ड्रमला लावायची नसते. ती लावायची झांजेला, आणि तीही हलक्या हाताने.

खोड बघा, पुडी नव्हे

तबल्याची पुडी फाटली म्हणून कोणी खोड फेकून देत नाही, नवी पुडी चढवतात. ड्रमचं हेड म्हणजे ही पुडीच. पूर्वी ते वासराच्या कातड्याचं असे. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात मायलार या प्लास्टिकच्या पातळ पडद्याने त्याची जागा घेतली. काठ्यांनी खड्डे पडलेलं, सैल झालेलं हेड ड्रमचा आवाज पार बिघडवतं, पण ते बदलता येतं. फक्त हिशेब धरून ठेवायचा. ५ ड्रमच्या सेटला वरची-खालची मिळून १० हेड लागतात. सगळी बदलायची वेळ आली, तर ती रक्कम विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीत मिळवूनच सौदा स्वस्त की महाग ते ठरवायचं.

जाहिरातीतला 'फाइव्ह-पीस' हा शब्दही नीट वाचावा. त्यात फक्त ड्रम मोजतात : एक किक, एक स्नेअर, तीन टॉम. झांजा, स्टँड आणि स्टूल सोबत आहेत की नाहीत, हे वेगळं विचारावं लागतं.

बदलता येत नाही ते लाकूड. पातळ थर एकमेकांना चिकटवून ड्रमचं कवच तयार होतं. किनारपट्टीच्या दमट हवेत, माळ्यावर किंवा बाल्कनीत चार पावसाळे काढलेल्या ड्रमचे हे थर सुटू शकतात. बाहेरचं चकचकीत वेष्टण हे लपवतं, म्हणून बघायचं आतून. ओलीचा डाग, थरांमधली फट, बोल्टच्या भोकापासून निघालेली चीर. मग टेपने व्यास आडवा मोजा, उभा मोजा. दोन-तीन मिलिमीटरहून अधिक फरक आला, तर ड्रम गोल राहिलेला नाही. त्यावर कुठलंही हेड नीट बसणार नाही.

यानंतरची परीक्षा विक्रेत्याच्या स्वयंपाकघरात होते. "एक टॉम उघडून बघू का?" असं सरळ विचारावं. हेड काढून ड्रमची कड ग्रॅनाइटच्या सपाट ओट्यावर टेकवायची, आत मोबाइलचा टॉर्च ठेवायचा आणि दिवा बंद करायचा. कडेखालून प्रकाश झिरपला, तर तिथे कड झिजली आहे किंवा खचली आहे. हेड या कडेवरच टेकतं, त्यामुळे तिथे खोट असली की सूर लागत नाही. स्नेअरच्या खालच्या कडेला मात्र समोरासमोर दोन ठिकाणी प्रकाश दिसणारच. तिथे तारा नीट बसाव्यात म्हणून कड मुद्दाम किंचित खोल तासलेली असते. ते दोष म्हणून दाखवून भाव पाडायला जाल, तर अज्ञान उघडं पडेल.

झांज खोटं बोलत नाही

चांगल्या झांजा कांशाच्या असतात : साधारण ८० टक्के तांबं, २० टक्के कथील. आपल्या कांशाच्या ताटवाटीची ही भावकी. १६२३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सुरू झालेल्या झिल्जियन या झांजा बनवणाऱ्या कंपनीचं नाव याच मिश्रणावर मोठं झालं. स्वस्त सेटबरोबर येतात त्या बहुधा पितळी. कांसं कठीण, पण ठिसूळ. एकदा तडा गेला की डाग देऊन जुना आवाज परत येत नाही, आणि तडा वाढतच राहतो.

माझ्या पहिल्या सेटच्या क्रॅशच्या कडेला नखाएवढी रेघ होती. "ओरखडा आहे," विकणारा म्हणाला. मीही मानलं. तीन महिन्यांत त्या नखाचं बोट झालं.

तेव्हापासून झांज स्टँडवरून काढतो. कडेवरून नख फिरवतो. अडकलं तर थांबतो. मधलं भोक बघतो. स्टँडवरची प्लास्टिकची नळी झिजली असेल, तर धातू धातूवर घासून ते कुलपाच्या भोकासारखं लांबट होतं. शेवटी झांज बोटावर टांगून काठीच्या टोकाने हलकेच मारतो आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत ऐकतो. जोराच्या फटक्यात सगळ्याच झांजा छान वाटतात. तडा कळतो तो शेपटीला, बारीक चरचर होऊन.

लोखंडी सामानात मुख्य बघायचे ते आटे. स्टँडचा स्क्रू फिरतच राहिला, तर वाजवताना स्टँड खाली सरकणार. वरवरचा गंज पुसता येतो. बोल्ट बाजारात मिळतात, पण बंद पडलेल्या मॉडेलचा कवचावरचा लग, म्हणजे बोल्ट ज्यात बसतो तो भाग, तुटला असेल तर दुसरा शोधताना दमछाक होते.

आणखी एक किंमत जाहिरातीत नसते. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. ड्रमसेट सहज शंभरी ओलांडतो. आम्ही बघत होतो तो सेटही सोसायटीच्या तक्रारींमुळेच विक्रीला निघाला होता.

डोंबिवलीतली ती क्रॅश बोटावर टांगली, तेव्हा शेवटी चरचरली. भाच्याचा चेहरा पडला. मग खिशातली ड्रमचे बोल्ट फिरवायची किल्ली काढली आणि 'गेलेल्या' फ्लोअर टॉमचे बोल्ट समोरासमोरचे धरत अर्धा-अर्धा फेरा आवळले. पाच-सात मिनिटांनी त्यावर काठी मारली. खोली भरून गेली. खालून कोणीतरी खिडकी आपटली.

विकणारा मुलगा दारात उभा राहून बघत होता. "काका, हा असा वाजायचा?" तो म्हणाला, आणि जरा थांबून, "मग भाव थोडा वाढवू का?"

किल्ली नेहमी सौदा ठरल्यावर फिरवावी, हे मी भाच्याला जिना उतरताना सांगितलं.