दरोडा कागदासाठी

पारनेर तालुक्यातल्या मळ्यावर एका रात्री मामांना लॅपटॉपवर ‘हेल ऑर हाय वॉटर’ दाखवत होतो. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून शेजारी बसून अधूनमधून सांगत होतो. टेक्सासमधले दोन भाऊ एकाच बँकेच्या छोट्या छोट्या शाखा लुटत सुटतात आणि निवृत्तीला आलेला एक पोलीस अधिकारी त्यांच्या मागावर असतो. मला वाटलं, मामा विचारतील, सापडतात का शेवटी? पण अर्धा सिनेमा झाल्यावर ते म्हणाले, “मुदतीच्या आत भरतील का रे? आन् बोजा उतरल्याचा कागद हातात घेतील ना? नाही तर पैसे भरूनबी जमीन जायची.”

परदेशातला, परक्या भाषेतला हा गुन्हेपट नगरच्या माणसाला इतका जवळचा का वाटावा, याचं उत्तर मला या प्रश्नात सापडलं. ते नीट उलगडून सांगायचं, तर आधी या सिनेमाची बांधणी पाहावी लागते.

जुना वेस्टर्न आपल्याला ‘शोले’मुळे ओळखीचा आहे. उघडा खडकाळ मुलूख, एकटं पडलेलं गाव, दूर राहिलेला कायदा आणि बाहेरून आलेले दोन बंदूकवाले. 1975 साली रामनगरच्या खडकांनी हे सगळं आपल्या डोळ्यांत पक्कं बसवलं. अमेरिकेतल्या मूळ वेस्टर्नमध्ये बहुतेक वेळा जमीन अजून मिळवायची असते. आधुनिक वेस्टर्नमध्ये ती मिळवून झालेली असते, मोजून झालेली असते, दप्तरी लागलेली असते आणि गहाण पडलेली असते. घोड्याच्या जागी पिकअप गाडी येते. शत्रू टेकडीमागून येत नाही, टपालाने आलेल्या नोटिशीतून येतो. त्याच्यावर गोळी झाडता येत नाही, आणि खरा ताण तिथूनच सुरू होतो.

‘हेल ऑर हाय वॉटर’ 2016 सालचा. दिग्दर्शक डेव्हिड मॅकेन्झी, पटकथा टेलर शेरिडनची. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह ऑस्करची चार नामांकनं त्याला मिळाली. पहिल्याच दृश्यात कॅमेरा बँकेच्या आवारात गोल फिरतो. कामावर आलेली एक बाई दिसते आणि भिंतीवर रंगाने लिहिलेला मजकूर दिसतो: इराकच्या तीन फेऱ्या केल्या, तरी आमच्यासारख्यांसाठी मदत नाही, अशा अर्थाचा. त्यावर कोणी काही बोलत नाही. लगेच दोन बुरखेधारी आत घुसतात.

पटकथेची पहिली युक्ती म्हणजे माहिती उशिरा देणं. सुरुवातीला आपल्याला फक्त दोन चोर दिसतात. ते गल्ल्यातल्या सुट्या नोटा तेवढ्या उचलतात, तिजोरीला हात लावत नाहीत. वापरलेली गाडी आपल्याच जमिनीत जेसीबीसारख्या यंत्राने खड्डा खणून पुरतात. का, ते कळत नाही. मग त्यांचं घर दिसतं, आईची रिकामी खाट दिसते. आई दीर्घ आजारानंतर गेलेली. त्यानंतर कळतं ते कर्ज. ते साधं गहाणखत नाही. घरावर बँक म्हाताऱ्या मालकाला पैसे देते, हप्ता मागत नाही, व्याज मात्र गुपचूप चढत राहतं आणि मालकाने डोळे मिटले की वारसांनी सगळं एकदम फेडायचं, नाही तर मालमत्ता सोडायची. आणि सगळ्यात शेवटी कळतं की त्या जमिनीखाली तेल आहे.

आता पहिला दरोडा आठवून पाहा. तेच दृश्य, पण अर्थ बदललेला. हे भाऊ त्याच बँकेचे पैसे लुटून त्याच बँकेचं कर्ज फेडणार आहेत. नोटा ओक्लाहोमातल्या कसिनोत नेऊन जुगाराच्या चकत्या घ्यायच्या, चकत्या परत करून कसिनोकडून बँकेच्याच नावाचा चेक घ्यायचा आणि तो काउंटरवर ठेवून जमीन सोडवायची. पोराबाळांच्या नावाने ट्रस्ट करायचा आणि त्याचं काम पुन्हा त्याच बँकेला द्यायचं, म्हणजे तिला खोलात शिरायची इच्छाच उरणार नाही. मामा या टप्प्यावर मांडी मोडून पुढे सरकले होते.

नेहमीचा गुन्हेपट विचारतो, कोणी केलं? हा सिनेमा विचारतो, देणं कोण कोणाचं लागतं? प्रेक्षकाच्या हातात तो एक वही देतो. सिनेमाभर आपण जमेच्या आणि खर्चाच्या बाजूला नोंदी करत राहतो.

ही वही नगर जिल्ह्याने (आता अहिल्यानगर म्हणतात) फार पूर्वी पाहिली आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. बघता बघता हे लोण नगर जिल्ह्यात पोचलं आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. धान्याची दुकानं लुटली गेली, काही घरं जळाली. पण लोकांना मुख्यतः हवे होते ते कागद. खतं, रोखे, वह्या बाहेर आणायच्या आणि चौकात पेटवायच्या. सावकाराने खतं मुकाट हवाली केली, तिथे सहसा त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. पोलीस दप्तरी हा गुन्हा होता. गावाच्या मनात मात्र ती वसुली होती.

त्या कागदांत एवढं काय होतं? 1859 च्या मुदतीच्या कायद्याने खत तीन वर्षांपुरतंच चालू राहील असं ठरवलं. हेतू चांगला होता, व्याज फार साचू नये हा. घडलं उलट. दर तीन वर्षांनी सावकार नवं खत करून घ्यायचा, थकलेलं व्याज मुद्दलात मिळवायचा आणि पुन्हा नव्या मुद्दलावर व्याज लावायचा. अंगठा उठवणाऱ्याला आकडा वाचता येत नव्हता. टेक्सासच्या त्या म्हातारीच्या घरावर चढत गेलेलं व्याज आणि हे व्याज यांची चाल एकच: देणं माणसाच्या नकळत वाढतं आणि कागद मात्र नेहमी बिनचूक असतो.

आणखी एक धागा आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1861 ते 1865, टेक्साससह दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस अडला. म्हणून मुंबईतून जाणाऱ्या कापसाचे भाव भडकले आणि दख्खनमध्ये कर्ज सहज मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज आटलं आणि त्यातच 1867 पासून शेतसारा वाढवला गेला. दोन्ही मुलुख एकाच कापसाच्या गाठीला बांधले गेले होते.

दंग्यांनंतर चौकशी आयोग बसला आणि 1879 साली दख्खन शेतकरी मदत कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातली एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. कर्जाचा दावा आला तर न्यायाधीशाने खतावरचा आकडा प्रमाण धरून निकाल द्यायचा नाही, खताच्या मागे जायचं. पहिल्यांदा हातात किती रुपये पडले, पुढे किती फेडले, आकडा कसा फुगला, हे तपासायचं. आधुनिक वेस्टर्न प्रेक्षकाला नेमकं हेच काम देतो. पोलिसाच्या दृष्टीने पुरावा म्हणजे दरोडा. आपण मात्र दरोड्याच्या मागे जातो, मग कर्जाच्या मागे, मग जमिनीच्या मागे. दोन तास आपण 1879 च्या न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेले असतो. आणि ज्याच्या घरात सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजाची एक ओळ असते, त्याला या खुर्चीत बसायला कोणी शिकवावं लागत नाही. नऊशे रुपये थकले असोत वा नऊ लाख, ती ओळ उतरल्याशिवाय जमीन आपली वाटत नाही.

सिनेमाने सगळं झुकतं माप भावांना दिलं असतं, तर तो इतका टिकला नसता. धाकटा टोबी शांत, हिशेबी. थोरला टॅनर तुरुंग भोगून आलेला, बेफिकीर. शेवटच्या दरोड्यात माणसं मरतात. मग डोंगरावरून टॅनरच्या बंदुकीतून सुटलेली गोळी अल्बर्टो पार्कर या पोलिसाला लागते, ज्याने आपल्या म्हाताऱ्या साहेबाची टोमणेबाजी सिनेमाभर सोसली, तो. त्या क्षणी वहीची दुसरी बाजू एकदम भरते. मामा त्या दृश्यानंतर बराच वेळ बोलले नाहीत. न्याय्य वाटलेल्या गुन्ह्याची किंमत तिसराच माणूस भरतो. हे दाखवण्याचं धैर्य नसलेले सिनेमे मला खोटे वाटतात.

हाच अल्बर्टो, कोमांची वंशाचा, मरण्याआधी एका ओस पडलेल्या गावात बसून साहेबाला सांगतो की दीडशे वर्षांपूर्वी ही जमीन माझ्या पूर्वजांची होती, या लोकांच्या आजोबांनी ती हिसकावली आणि आता समोरची ती बँक यांच्याकडून हिसकावते आहे. म्हणजे वहीचं पहिलं पान आपण समजत होतो त्याच्याही आधीचं निघतं.

आपल्याकडे हे पान भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’ने उघडलं. ख्वाडा म्हणजे अडथळा. रघू कऱ्हे हा मेंढपाळ. त्याची जमीन वनखात्याकडे गेलेली, ती परत मिळावी म्हणून वर्षानुवर्षं कोर्टात खटला चाललेला. तोवर कुटुंब मेंढरं घेऊन गावोगाव फिरतं आणि ज्या गावाच्या शिवारात उतरेल तिथल्या बळकट माणसाच्या मर्जीवर जगतं. रघूची भूमिका शशांक शेंडे यांनी केली आहे. या सिनेमात कोणी घोड्यावर बसत नाही, पण माळरान आहे, उघडं आभाळ आहे, पोचू न शकलेला कायदा आहे आणि गावगुंडी आहे. माझ्या मते मराठीतला हा खरा वेस्टर्न. 62 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची विशेष दखल घेतली गेली आणि जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कारही मिळाला. तो योग्यच होता. मेंढरांचे गळ्यातून निघणारे आवाज, वाऱ्यात तुटणाऱ्या हाका, ताणलेल्या शांततेत खुरांची खसखस, यांतून माळाची रुंदी ऐकू येते. रुंद जागेत माणूस लहान दिसतो, आणि लहान दिसणाऱ्या माणसावर अन्याय झाला की तो पाहणाऱ्याला जास्त लागतो. वेस्टर्नमध्ये कॅमेरा एवढा मागे का उभा राहतो, याचं हेही एक उत्तर आहे.

नगरच्या माणसाला या जागा डोळ्यांनीच ओळखीच्या असतात. सह्याद्रीने पाऊस अडवलेला, म्हणून जिल्ह्याचा पूर्व-दक्षिण भाग पिवळट, उघडा. ‘हेल ऑर हाय वॉटर’मध्ये गाडी धावते तेव्हा रस्त्याकडेला झटपट कर्जाचे, कर्जातून सुटकेचे फलक सरकत राहतात. आपल्या रस्त्यांवर सोनेतारण कर्जाचे फलक आहेत. दिग्दर्शक त्यावर थांबत नाही, तरी गाव कशावर जगतं ते कळतं.

हिंसेबद्दलही थोडं सांगायला हवं. आधुनिक वेस्टर्नमध्ये ती थोडी असते आणि उशिरा येते. त्याच 2016 साली एप्रिलमध्ये शेजारच्या करमाळ्याच्या मातीतला ‘सैराट’ आला. नागराज मंजुळे यांनी शेवटचा खून दाखवलाच नाही. लहान मूल घरात येतं, परत फिरतं आणि फरशीवर रक्ताची पावलं उमटतात. आवाज नाही. थिएटरातून लोक गप्प बाहेर पडताना मी पाहिले आहेत. हिंसा जितकी राखून ठेवावी, तितका प्रेक्षक आपल्या वहीतला शेवटचा आकडा स्वतः लिहितो.

त्यानंतर वर्षभराने, 1 जून 2017 ला, राहाता तालुक्यातल्या पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला. भाजीपाला थांबला, रस्त्यावर दूध ओतलं गेलं आणि त्याच महिन्यात सरकारने दीड लाखापर्यंतच्या कर्जमाफीची घोषणा केली. 1875 च्या वणव्यातून हा संप निघाला असं मी म्हणत नाही. पण कर्जाचा कागद हा या मातीत खासगी व्यवहार कधीच नव्हता, हे दोन्ही वेळा दिसलं. पुणतांब्याच्या बातम्या ज्याने टीव्हीवर पाहिल्या, त्याला टेक्सासमधली हॉटेलवाली बाई लगेच कळते. टोबीने तिला दोनशे डॉलर बक्षिशी दिलेली असते. पोलीस ते पुरावा म्हणून मागतो. ती देत नाही, कारण तिलाही घराचा हप्ता भरायचा असतो. तिने दरोडा पाहिलेला नाही, भावांशी तिचं काही नातंही नाही. तरी ती नोटा घट्ट धरते.

शेवटी निवृत्त अधिकारी टोबीच्या दारात येतो. तेल उपसणारे पंप आता मागे हलत असतात. त्याला सगळं समजलेलं असतं, हातात पुरावा नसतो. दोघं ओसरीवर बोलतात, पुढे कधीतरी बसून हे संपवू, असं काहीसं ठरतं आणि अधिकारी निघून जातो.

सिनेमा संपला तेव्हा मामांनी विचारलं, “कागद मिळाला ना त्याला? शिक्का होता का त्यावर?” मी म्हटलं, मिळाला. ते उठून आत गेले. पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी काढून आणली. तीत सोसायटीचा बेबाकी दाखला होता, जुना. घड्यांवर फाटत आलेला, मागून चिकटपट्टी लावलेली. जांभळा शिक्का फिकट होऊन गेला होता, पण सही अजून स्पष्ट होती. त्यांनी तो लॅपटॉपच्या उजेडात धरला, वरपासून खालपर्यंत एकदा वाचला आणि पुन्हा तशाच घड्या घालून पिशवीत ठेवला.