पाना लावण्याआधी

जुन्या विलिस बनावटीच्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. उजवीकडचे नट इतर कुठल्याही नटासारखे सुटतात. डावीकडचे सोडवायचे तर पाना बरोबर विरुद्ध दिशेला फिरवावा लागतो. चाक पुढे धावत असताना नट आपोआप सैल पडू नयेत म्हणून केलेली ही योजना. ज्याला ती ठाऊक नाही तो नट हलत नाही म्हणून पान्याला पाइप लावतो, पाइपवर उभा राहतो, आणि आवळत आवळत शेवटी स्टड तोडून ठेवतो.

भिवंडीत जुन्या आग्रा रोडवरून आत गेलेल्या एका गल्लीत पत्र्याची शेड आहे. तिथे अशा तुटक्या स्टडांनी अर्धा भरलेला तेलाचा डबा आहे. शेडमधल्या मिस्त्रींना सगळी गल्ली चाचा म्हणते. नव्या गिऱ्हाइकाला चाचा आधी तो डबा दाखवतात. दिवाळी अंकाच्या संपादकांना जीपच्या इतिहासावर लेख हवा होता आणि तो इतिहास वाचूनच मी गेलो होतो. पण शेडमध्ये पाय ठेवल्यावर माझं सगळं लक्ष कामाच्या पहिल्या काही दिवसांवर खिळलं. त्या दिवसांत दुरुस्तीसाठी गाडीचा एकही नट सुटलेला नसतो आणि तरी तिचं भवितव्य ठरत असतं.

इतिहास थोडक्यात सांगतो. १९४० साली अमेरिकी लष्कराला टेहळणीसाठी हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. बँटम कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट यांनी तिचा आराखडा केला आणि विलिस व फोर्ड या दोघांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. इकडे १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी निघाली. त्यातले मलिक गुलाम मुहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर-जनरल झाले. १९४८ साली कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. विलिसचे सुटे भाग आणून मुंबईत जीपा जोडायला सुरुवात झाली आणि नंतर परवान्याखाली त्या इथेच बनू लागल्या. उंच बॉनेटची सीजे-थ्री-बी अमेरिकेत १९५३ ते १९६८ एवढीच वर्षं निघाली. आपल्याकडे ती त्यानंतरही कितीतरी वर्षं बनत राहिली. महाराष्ट्राच्या आठवणीतली जीप ती हीच. पाटबंधारे खात्याची, तहसीलदारांची, फौजदारांची, निवडणुकीत टपावर कर्णे बांधून फिरणारी. सातारा-कोल्हापूरकडच्या वडापच्या गाड्या तिच्याच लांबवलेल्या भाऊबंद.

चाचांच्या शेडमध्ये उभी होती ती अशीच एक थ्री-बी. वज्रेश्वरीच्या वाटेवरच्या गावातल्या एका शेतकरी घराची, आजोबांनी घेतलेली. नंबर १९८९ पूर्वीचा, म्हणजे ‘एमएच’ सुरू होण्याच्या आधीचा. नातवाने तिला टेम्पोवर चढवून आणलं होतं. त्याच्या मोबाइलमध्ये चकचकीत जीपांचे फोटो होते: रुंद टायर, पुढे विंच, गडद हिरवा रंग. सगळी गाडी सोडायची, चेसिस उघडी करायची, सँडब्लास्टिंग, मग रंग, मग जोडणी, असा त्याचा बेत होता. त्याला त्याची घाई होती आणि ती मला समजत होती. आजोबा अंथरुणावर आहेत.

चाचांनी त्याला ‘बाला’ म्हणत शांतपणे नकार दिला. त्यांचं म्हणणं असं की सगळी सोडलेली जीप बहुतेक वेळा सोडलेलीच राहते. पैसे संपतात, पोरगा कामाला लागतो, गोणीतले नट-बोल्ट एकमेकांत मिसळतात आणि तीन वर्षांनी भंगारवाला येतो. कल्याणपासून कुर्ल्यापर्यंतच्या भंगार बाजारात असे कितीतरी अर्धवट ढीग त्यांनी पाहिले आहेत. कुर्ल्यात त्यातलेच भाग त्यांनी विकतही घेतले आहेत. म्हणून त्यांचा नियम: जी गाडी हलते तिला हलती ठेवायची, आणि एका वेळी एकच अंग उघडायचं. हे मला पूर्ण पटलं. जुन्या यंत्रावर प्रेम करणाऱ्या माणसाचा पहिला शत्रू गंज नसतो, त्याचा स्वतःचा उत्साह असतो.

मग चाचांनी त्यांचं पहिलं काम केलं, आणि तेच माझ्या मनात सगळ्यात ठसलं. शेडचा कोबा अगदी समपातळीत आहे. तो त्यांनी मुद्दाम तसा करून घेतला आहे. जीप चार घोड्यांवर चढवली, चाकं काढली (डावीकडची अर्थात उलटी फिरवून). चेसिसच्या दोन लांब पट्ट्यांवर पाटे जिथे टांगलेले असतात ते बोल्ट त्यांनी पुढे-मागे, डावी-उजवीकडे निवडले. गवंडी वापरतात तो ओळंबा घेतला. प्रत्येक बोल्टाखाली दोरा सोडून, ओळंब्याचं डोलणं पूर्ण थांबेपर्यंत वाट बघून, त्याच्या टोकाखाली कोब्यावर खडूची खूण केली. खूण करताना ते श्वास रोखून धरत होते. नंतर चाकं परत लावून जीप बाजूला ढकलली. कोब्यावर उरल्या त्या फक्त खुणा. त्यातल्या पुढच्या डाव्या खुणेपासून मागच्या उजव्या खुणेपर्यंत सुतळी ताणली, गाठ मारली. तीच सुतळी उचलून पुढच्या उजव्या खुणेपासून मागच्या डाव्या खुणेवर धरली. गाठ खुणेवर बसली तर चेसिस काटकोनात आहे. नाही बसली तर गाडी कधीतरी धडकली आहे, उलटली आहे किंवा जास्त ओझ्याने मुरडली आहे. टेप लागत नाही. किती लांब हे जाणून घ्यायचंच नसतं, दोन्ही सारखे आहेत की नाहीत एवढंच बघायचं असतं.

गाठ खुणेवर बसली. नातू हसला. चाचा हसले नाहीत, कारण त्यांना अजून छोटी हातोडी घेऊन चेसिसखाली झोपायचं होतं. निरोगी पोलाद खणखणतं. आतून खाल्लेलं बद्द वाजतं. मागच्या आडव्या दांड्यात, जिथे चिखल साचून राहतो, तिथे बद्द आवाज आला. स्टिअरिंग बॉक्स जिथे चेसिसला बसतो त्या जागी जुन्या वेल्डिंगची पट्टी दिसली. या जीपांत तिथे तडा जाणं नेहमीचं. स्टिअरिंगचा सगळा झटका त्याच जागेवर येतो. कुणीतरी पूर्वी तो सांधला होता आणि चांगला सांधला होता.

ओळंबा आणि सुतळीची ही रीत चाचा तरुणपणी माग बसवणाऱ्या फिटरांकडून शिकले. भिवंडीत हे सहज समजण्यासारखं आहे. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले माग या गावात येऊन पुन्हा कापड विणू लागले, आणि ते चालते ठेवण्यासाठी गल्लोगल्ली लेथ, वेल्डर, ओतकाम करणारे उभे राहिले. दुसऱ्यांनी संपलं म्हणून टाकलेलं यंत्र आणखी तीस वर्षं चालवायचं, हा या गावाचा खरा हुन्नर. जीपचा जो बुश किंवा पिन बाजारात मिळत नाही, तो मागाच्या पिना बनवणाऱ्या लेथवर बनतो. मला काळजी वाटते ती याची. माग आता किलोच्या भावाने भंगारात निघाले आहेत, माणकोली-राहनाळकडे गोदामांच्या रांगा वाढत आहेत, आणि मागांबरोबर लेथवालेही चालले आहेत. गोदामाला सिक्युरिटी गार्ड लागतो, फोर्कलिफ्ट चालवणारा लागतो. नमुना हातात घेऊन तसाच तुकडा घडवणारा माणूस लागत नाही.

चेसिसनंतर चाचांनी बॉनेट उघडलं, आणि इथून सगळं अवघड झालं.

आत मॅटाडोरचं डिझेल इंजिन होतं. यात आश्चर्य काही नाही. १९७३ नंतर पेट्रोल महागत गेलं तशी महाराष्ट्रातल्या असंख्य जीपांची पेट्रोल इंजिनं उतरवली गेली आणि त्यांच्या जागी डिझेल बसली. इंजिन चांगलं होतं, बॅटरी लावल्यावर सुरूही झालं. पण आरसी बुकात इंधन पेट्रोल, आणि इंजिन नंबर मूळचाच. हा बदल परिवहन कार्यालयात कधी नोंदवलाच गेला नव्हता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा फेरबदल परवानगीशिवाय चालत नाही. म्हणजे रंग, टायर, विंच यांच्या आधी ठरवायचं होतं ते हे की ही गाडी नेमकी कोणती: आजोबांनी घेतलेली पेट्रोल जीप, की नंतर वडिलांनी शेतावर राबवलेली डिझेल?

मूळ इंजिन शोधलं तर ते गावच्या गोठ्यात गोणपाटाखाली सापडलं. हरिकेन. याच इंजिनामुळे थ्री-बीचं बॉनेट उंच झालं. युद्धकाळातल्या ‘गो डेव्हिल’ इंजिनात दोन्ही वॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी होते. हरिकेनमध्ये हवा-पेट्रोल आत घेणारा वॉल्व्ह वर हेडमध्ये नेला आणि धूर बाहेर सोडणारा खाली ब्लॉकमध्येच ठेवला. वरचा वॉल्व्ह मोठा करता आला, इंजिन चांगला श्वास घेऊ लागलं, ६० अश्वशक्तीची ७५ झाली; पण उंची वाढली, आणि मग बॉनेटही वर उचलावं लागलं. सुमारे २,२०० सीसी. पिस्टनचा व्यास सव्वातीन इंचांपेक्षाही कमी आणि धाव मात्र चार इंचांहून जास्त, म्हणून कमी वेगातही ते चिखलातून ओढत राहतं. मला हे इंजिन फार देखणं वाटतं. त्याचा दोषही त्याच रचनेत आहे. धुराचा वॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्याने त्याची सगळी उष्णता ब्लॉकलाच झेलावी लागते. पाण्याच्या पोकळीत गाळ साचला की मागचे सिलिंडर तापतात, वॉल्व्ह जळतो, सीटपाशी तडा जाऊ शकतो.

ब्लॉकच्या पुढच्या अंगावरचा नंबर घासून वाचला. आरसी बुकातला तोच. पण क्रँक जाम. चाचांनी स्पार्क प्लग काढून चारही सिलिंडरांत डिझेल आणि तेल मिसळून ओतलं आणि पुढचे काही दिवस हँडलला कुणीही हात लावायचा नाही असं बजावलं. जोर केला तर रिंगा तुटतात आणि सिलिंडरवर ओरखडे पडतात.

कागदांचा गुंता इंजिनापेक्षा चिवट निघाला. २०२१ साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी, चेसिस, सांगाडा आणि इंजिनात मोठा फेरफार न झालेली असेल, तर तिला ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळते. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरणाला ५,०००. ही जीप नुकतीच पन्नाशी ओलांडलेली. पण अशी नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर येते. नातवाला तर आजोबांना वज्रेश्वरीला न्यायचं आहे, आणि पावसाळ्यात शेतावर जायचं आहे. दुसरा रस्ता नेहमीच्या नूतनीकरणाचा: पंधरा वर्षांवरच्या मोटारींची ही फी २०२२ सालच्या एप्रिलपासून ६०० वरून ५,००० झाली होती, आणि आधी गाडी तपासणीत उतरली पाहिजे. दोन्ही रस्त्यांना मूळ इंजिन बसवणं सोयीचं, कारण मग कागद आणि गाडी एकच गोष्ट सांगतात. डिझेल ठेवायचं तर जुना फेरबदल आज नियमात बसवून घ्यावा लागेल, आणि इतक्या जुन्या इंजिनासाठी ते जवळपास अशक्य आहे असं चाचांचं मत.

पेट्रोल इंजिन बसवलं तरी नवा प्रश्न आहे. पंपावर आता मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. जुन्या इंधन पंपाचा रबरी पडदा, कार्बोरेटरची गॅस्केटं, रबरी नळ्या त्यात फुगतात, कडक होतात. हे सगळं नव्या मालाचं घालावं लागणार. आणि आरसी बुक अजून आजोबांच्या नावावर. ते हयात असताना, त्यांच्या सहीने नाव बदललं तर काम सरळ. नंतर वारसांच्या संमतीपत्रांची रांग लागते. नातवाने हा विषय घरी अजून काढलेला नाही. मला वाटतं त्याने तो याच आठवड्यात काढावा, आणि आजोबांना सही का हवी आहे ते खरं सांगून काढावा.

इतकं सगळं होऊनही दुरुस्तीचा पहिला पाना लागला तो इंजिनाला नाही, ब्रेकला. या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकना मिळून एकच मास्टर सिलिंडर. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकांचे ब्रेक जातात; उरतो तो फक्त ट्रान्सफर केसमागचा हँडब्रेक. शेडमधून गल्लीत ढकलायची म्हटली तरी आधी थांबता आलं पाहिजे. तेव्हा क्रम ठरला तो असा: ब्रेकचे चारही सिलिंडर, नळ्या आणि मास्टर, मागचा आडवा दांडा कापून नवा, मॅटाडोरचं इंजिन तूर्त आहे तिथेच, गाडी शेडमध्ये हलवण्यापुरतं. हरिकेन तेलात मुरत ठेवायचं. त्याचा क्रँक सुटला तरी वॉल्व्हच्या सीटपाशी तडा आहे की नाही हे हेड उतरवल्याशिवाय कळणार नाही, आणि हेड उतरवायचं ते आरसी बुक नातवाच्या नावावर झाल्यानंतरच.