हळदीतील शिसे आणि त्याचे मोजमाप

नागपूर-हैदराबाद महामार्गावर चंद्रपूरचा रस्ता जेथे फुटतो, ते जाम गाव समुद्रपूर तालुक्यात आहे. याच तालुक्यातील वायगावच्या हळदीस २०१६ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. अशा हळदीचा लौकिक रंगावर अवलंबून असतो, आणि भेसळही रंगाचीच होते.

जमिनीतून कंदात उतरणारे शिसे सामान्यतः अल्प असते. धोका उद्भवतो तो पुढे, पॉलिश करताना व दळताना. फिक्या हळकुंडांस झळाळी यावी म्हणून लेड क्रोमेट हा पिवळा रंग चोळला जातो. बांगलादेशात १९८०च्या दशकातील पुराने हळद काळवंडली, तेव्हा ही प्रथा पडली. तेथे २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळले; कडक कारवाईनंतर २०२१ मध्ये एकाही नमुन्यात आढळले नाही. शिशाने मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते, हे येथे ध्यानात घ्यावे.

भारतात हळदीतील शिशाची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग, म्हणजे क्विंटलमागे एक ग्रॅम एवढी आहे. लेड क्रोमेटमध्ये सुमारे ६४ टक्के शिसे असते. तेव्हा क्विंटलभर हळदीस जेमतेम दीड ग्रॅम रंग लागला तरी ही मर्यादा गाठली जाते. एवढे डोळ्यांस कसे दिसावे?

प्रयोगशाळेत एक ग्रॅम पूड नायट्रिक आम्लात तापवून पूर्ण विरघळवितात व द्रावण ५० मिलिलिटर करतात. ते ज्योतीत फवारले असता शिशाचे अणू ठराविक लांबीची प्रकाशलहर शोषतात. जितके शिसे, तितके शोषण. ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांशी तुलना करून आकडा काढतात. समजा, लिटरला ०.४ मिलिग्रॅम असे उत्तर आले, तर मूळ हळदीत दशलक्षात २० भाग शिसे ठरते. नुसत्या आम्लाचीही निराळी तपासणी होते, कारण शिसे भांड्यातूनही येऊ शकते.

यंत्र कितीही सूक्ष्म असले तरी नमुना चुकीचा असल्यास उत्तर व्यर्थ होय. एकाच पोत्याच्या तोंडातून मूठभर हळद घेऊ नये. निरनिराळ्या पोत्यांतून, वरून, मधून व तळातून घेऊन ती एकत्र मिसळावी. रंग दिलेला डबा वापरू नये.

अन्न सुरक्षा कायदा, २००६ च्या कलम ४० अन्वये कोणाही ग्राहकास शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून अशी तपासणी करून घेता येते. अहवाल चौदा दिवसांत मिळावयाचा असतो.