एक्सपीच्या पोटातली मराठी

आमच्या गिरगावातल्या डीटीपीच्या माळ्यावर एक एक्सपीचं मशीन अजून आहे. इंटरनेटची वायर त्याला लावत नाही. मायक्रोसॉफ्टनं 8 एप्रिल 2014ला एक्सपीवरचा हात काढून घेतला. आम्हाला तो काढता आला नाही.

विंडोज 98ला मराठी येत नव्हती. ती असायची फॉन्टात. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम, प्रत्येकाची सोंगटी वेगळ्या घरात. इंग्रजी अक्षराच्या जागी कुठे काना, कुठे अर्धा स. फॉन्ट बदलला की 'चि. सौ. कां.'चा पार चिवडा. शिवाय प्रिंटरच्या पोर्टला डाँगल खोचलेला. झाडू मारताना तो हलला की मराठी बंद.

विंडोज 2000मध्ये युनिकोड देवनागरी आली, सोबत र. कृ. जोशींचा मंगल फॉन्ट. ल आणि श हिंदी वळणाचे, म्हणून आम्ही नाकं मुरडली. एक्सपीत तर मराठी हवी असेल तर एका चौकटीत खूण करून सीडी घालावी लागे. ती चौकट थाई, अरबी आणि आपली अशी सगळ्यांची मिळून! लॅमिंग्टन रोडवर मशीन जोडून देणारा पोरगा ती खूण हमखास विसरायचा.

खरी गोची वेगळीच होती. विंडोज मराठी शिकली, पण पेजमेकर शिकला नाही. 2001ची सातवी आवृत्ती त्याची शेवटची. त्यामुळे पत्र युनिकोडात आणि पत्रिका जुन्या फॉन्टात, असा दुहेरी संसार कितीतरी वर्षं चालला.

2015च्या ऑगस्टमध्ये मला हुक्की आली. विंडोज 10 फुकट मिळत होती, गणपती 17 सप्टेंबरला. लालबागच्या एका मंडळाची पावतीपुस्तकं अर्धी लागलेली, आणि जुनं मराठी पॅकेज उघडेना. महिन्याच्या आत मागे फिरायची सोय होती म्हणून वाचलो. कार्यकर्ते मात्र रात्री अकरापर्यंत जिन्यात बसून होते.

त्या 10चीही मुदत 14 ऑक्टोबर 2025ला संपली, लक्ष्मीपूजनाच्या बरोबर आठवडाभर आधी. 11ला टीपीएम 2.0 लागतं, आमच्या दोन मशीनांत ते नाही. तिसरं नवं घेतलं. जुन्या फाइली कन्व्हर्टरमधून काढतो, पण पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि 'ऱ्या'चा 'र्या' होतो. म्हणजे प्रूफ पुन्हा डोळ्यांनीच.

गेल्या महिन्यात एक मुलगी आईबाबांची पत्रिका घेऊन आली. "काका, हीच अक्षरं हवीत." एक्सपी सुरू केला. त्याला चार मिनिटं लागतात. तेवढ्यात खालून चहा आला.