बालकाच्या ताटातील डाळ : चेन्नईचा विचार, वर्ध्याचे शेत

शाळेतील आहाराची परंपरा चेन्नईत शंभर वर्षांहून जुनी आहे. तत्कालीन मद्रास महापालिकेने १९२० मध्ये थाउजंड लाइट्स येथील शाळेत मुलांना अल्पोपाहार देण्यास मान्यता दिली. पुढे १९५६ मध्ये कामराज यांनी आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी हे कार्य राज्यभर विस्तारले. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) पाच वर्षांखालील खुरटलेल्या बालकांचे प्रमाण तमिळनाडूत २५ टक्के, तर महाराष्ट्रात ३५.२ टक्के होते. केवळ शिजवलेले जेवण पुरवून हा प्रश्न संपत नाही. शेत काय पिकवते आणि घरात काय उरते, हेही पाहावे लागते.

चेन्नईतील एम. एस. स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठानाने नेमका हाच विचार पुढे नेला. ‘पोषणासाठी शेतीपद्धती’ या संकल्पनेचा अभ्यास प्रतिष्ठानाने २०१३ पासून ओडिशातील कोरापुट आणि महाराष्ट्रातील वर्धा जिल्ह्यात केला. कुटुंबाच्या आहारातील उणीव आधी ओळखावी आणि त्यानुसार पीकरचना, परसबाग व पोषणशिक्षण यांची सांगड घालावी, हे त्याचे सूत्र होय. कापूस-सोयाबीनच्या वर्ध्यासाठी ते विशेष अर्थपूर्ण आहे. शेतात प्रथिने पिकतात. परंतु सोयाबीन बाजारात जाते आणि घरची डाळ अनेकदा विकत आणावी लागते.

तूर व मुगात सुमारे २२ ते २४ टक्के प्रथिने असतात. तृणधान्यांत लायसिन कमी, तर कडधान्यांत मेथिओनिन कमी. म्हणून भाकरी-वरण किंवा मुगाची खिचडी हे एकमेकांची उणीव भरून काढणारे, स्वस्त अन्न ठरते. सोयाबीन वापरायचे असल्यास ते पुरेसे शिजवणे अथवा भाजणे आवश्यक आहे. कच्च्या दाण्यातील काही घटक प्रथिनांच्या पचनास अडथळा आणतात.

मात्र घरी राखलेल्या कडधान्यावर पहिला हक्क बहुधा भुंगेरा सांगतो. त्याची मादी पक्व शेंगांवर शेतातच अंडी घालते. अळी दाण्यात शिरून आतील गर खाते. दाणा बाहेरून धडधाकट दिसतो. उष्ण हवेत साधारण महिन्याभरात नवी पिढी बाहेर पडते. कीड लागण्याच्या भीतीने लहान शेतकरी काढणीनंतर लगेच तूर विकतो आणि पुढे तीच डाळ चढ्या भावाने घेतो. त्या वेळी बालकाच्या ताटातील वरण पातळ होते.

यावर उपाय साधे आहेत. दाण्यातील ओलावा दहा टक्क्यांखाली येईपर्यंत कडधान्य उन्हात वाळवावे, थंड झाल्यावर हवाबंद कोठीत अथवा पिशवीत भरावे. थोड्या साठ्याला किलोमागे सुमारे ५ मिलिलिटर खाद्यतेल चोळावे. भुंगेऱ्याला अंडी घालण्यास अख्खा दाणा मानवतो. म्हणून काही भाग डाळ करून ठेवावा. तमिळनाडू कृषी विद्यापीठाने विकसित केलेला छिद्रयुक्त नळीचा सापळा साठ्यात खोचल्यास प्रादुर्भाव लवकर कळतो. घरातील धान्यात धुरीच्या विषारी गोळ्या कदापि ठेवू नयेत. त्यांचा वायू जीवघेणा असतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी कापसातील तुरीच्या ओळींचा हिशेब करताना विक्रीच्या क्विंटलांसोबत घरासाठी राखायच्या किलोंचीही नोंद घ्यावी. अंगणवाडीचा आहार पूरक असतो. मूळ आहार घरच्या कोठीतूनच यावयाचा आहे.