कठड्याचें शिरस्त्राण

पावसाळा लागला, कीं वरच्या मजल्यावरील खोलीच्या भिंतीवर ओलीचे नकाशे उमटूं लागतात आणि घरांतील मंडळी गच्चीच्या कोब्यास दोष देऊं लागतात. कोबा उकरून नवा घालण्यांत बराच पैसा खर्ची पडतो. पुढील आषाढांत मात्र तीच भिंत त्याच ठिकाणीं पुन्हां ओली! अशा वेळीं दोष पुष्कळदां कठड्याचा असतो, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. घराची बाहेरची भिंत एका अंगानेंच भिजते. कठडा दोन्ही अंगांनीं भिजतो आणि माथ्यावरही भिजतो. उन्हानें तापून माथ्याच्या गिलाव्यास बारीक भेगा पडतात, त्यांतून पाणी विटांत उतरतें आणि कोब्याच्या पाठीमागून थेट खालच्या खोलींत पोंचतें. ज्या खोलींत आजोबांचा दमा आणि नातवंडांचा खोकला एकत्र नांदतात, तिला ही ओल काय करते, हें गृहिणींस सांगावयास नको.

ह्यावर खात्रीचा उपाय म्हणजे कठड्यावर धातूच्या पत्र्याचें झांकण बसविणें. समुद्रकांठच्या खाऱ्या हवेंत जस्ताचा मुलामा लवकर झिजतो, म्हणून तेथें जस्ती पत्र्यापेक्षां ॲल्युमिनियम बरें. मात्र ओल्या सिमेंटशीं व चुन्याशीं ॲल्युमिनियमचें सख्य नाहीं.

वरून चार खिळे ठोकून पत्रा पक्का करूं, असें एखादा पत्रेवाला सुचवील. तें निक्षून नाकारावें. वरून मारलेला प्रत्येक खिळा म्हणजे पाण्यास उघडून दिलेलें दार. प्रथम सुटलेला गिलावा काढून माथा सिमेंटनें सारखा करावा व त्यास गच्चीच्या बाजूस ढाळ द्यावा. ढाळ रस्त्याकडे दिला, तर माथ्यावरची धूळ आणि कावळ्यांची शीट दर पावसांत दर्शनी भिंतीवर ओघळते. माथा पुरता वाळल्यावर त्यावर जलरोधक पट्टी अंथरावी. पत्र्याचे सांधे केव्हां ना केव्हां पाझरतातच, आणि तेव्हां खरा पहारा हिचाच असतो. मग कठड्याच्या बाहेरील अंगास, खालचें टोक पुढें वळविलेली अशी धातूची अखंड पट्टी बसवावी व झांकणाची बाहेरची कडा तींत अडकवावी. आंतील कडा गच्चीच्या बाजूनें, लांबट भोंकांतून, रबरी चकतीच्या स्क्रूंनीं धरावी. झांकणाच्या कडा भिंतीपासून दोन बोटें तरी पुढें असाव्यात, म्हणजे पागोळी भिंतीस न लागतां सुटून पडते.

भोंकें लांबट कां? ॲल्युमिनियमचा ३ मीटर लांबीचा पत्रा ४० अंश सेल्सिअसच्या फरकानें जवळजवळ ३ मिलिमीटर वाढतो. लोखंडी जस्ती पत्रा त्याच्या निम्मा. हालावयास जागा नसली, तर तो फुगून स्क्रू उपटतो. म्हणून दोन तुकडे एकमेकांस भिडवूं नयेत. मध्यें ६ ते १० मिलिमीटर फट ठेवून खालीं त्याच घडणीची जोडपट्टी घालावी.

वाऱ्याचा ओढा सर्वांत अधिक असतो तो कोपऱ्यांवर. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें, तेव्हां ताशीं १०० किलोमीटरांहून अधिक वेगाच्या वाऱ्यानें रायगड जिल्ह्यांतील असंख्य घरांचे पत्रे उडाले. सैल झांकण उडालें, तर तें पात्यासारखें रस्त्यावर पडावयाचें! ह्यासाठीं कोपऱ्यांचे तुकडे अखंड घडवून आधीं बसवावेत, सरळ तुकडे मागाहून. आणि काम मे महिना संपण्यापूर्वीं उरकावें.

विजेपासून रक्षणासाठीं लावलेली तांब्याची पट्टी कठड्यावरून गेली असल्यास ती पत्र्यास थेट टेकूं देऊं नये. ओलाव्यांत तांब्याच्या सहवासानें ॲल्युमिनियम व जस्त दोन्हीं झिजतात. ही जोडणी जाणत्या माणसाकडूनच करवून घ्यावी.

राहिली दिवाळी. आकाशकंदिलाची काठी बांधावयास घरांतील कोणी उत्साही तरुण नव्या झांकणावर खिळा ठोकणार, हें ठरलेलेंच! त्यासाठीं कठड्याच्या आंतील अंगास, पत्र्याच्या खालीं, एक भक्कम कडी आधींच बसवून ठेवावी.